उर्फच्या अलीकडे

त्यांची दोन नावं होती आणि त्यांतलं एकही मी इथे लिहिणार नाही. एक लिहिलं तर दुसऱ्यावर अन्याय होईल, आणि दोन्ही लिहायची म्हटलं तर आधी कुठलं आणि नंतर कुठलं हा प्रश्न येतो. त्याच प्रश्नापायी आम्ही दोघी बरेच महिने हिंडलो. म्हणून काकू असंच म्हणते. आमच्या मजल्यावर सगळे त्यांना ऑपरेटरकाकू म्हणायचे.

मुलुंड पूर्वेला आमची जुनी इमारत होती. आता ती पाडून तिथे टॉवर उभा राहतोय, आम्ही भाड्याने कांजूरमार्गला आहोत आणि काकू बोरीवलीला. मी सांगते ते त्याच्या आधीचं, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आजोबा गिरणीत होते, बाबा एका सोसायटीत वॉचमन आहेत. घरात एक खोली, तिच्यात टीव्ही आणि धाकटे दोघे भाऊ. काकूंकडे मात्र दोन खोल्या, त्या एकट्या, आणि खिडकीशी एक टेबल. त्यांनी स्वतःच आईला सांगितलं होतं की पोरीला माझ्याकडे बसू दे अभ्यासाला. त्याचं भाडं म्हणून मी त्यांना पेपर वाचून दाखवायचा, आणि तोही गुन्हेगारीच्या बातम्यांपासून सुरू करायचा.

काकूंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. पूर्वी बाहेरगावी फोन करायचा तर आधी ऑपरेटरकडे नोंदवावा लागायचा, मग ती लाइन जोडून द्यायची. त्या जोडून देणाऱ्यांतल्या काकू एक. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या डोक्यातला बोर्ड चालूच होता. माझं आणि आईचं वाजलेलं भिंतीपलीकडून ऐकू गेलं की मी दारात दिसताच त्या म्हणायच्या, आईची लाइन एंगेज आहे वाटतं, बस, थोड्या वेळाने लावून बघू. शेजारचे दोघे भाऊ गावच्या घरावरून भांडले की म्हणायच्या, क्रॉस कनेक्शन आहे, दोघेही तिसऱ्याशीच बोलतायत. भाजीवाल्याला फोनवरून घेवडा सांगताना 'घ घराचा, व वजनाचा' असं सांगायच्या. तो बिचारा हो हो म्हणायचा आणि गवार पाठवायचा.

केस त्या उजवीकडे वळवून बांधायच्या आणि डावा कान मोकळा ठेवायच्या. तो कान नोकरीचा, त्याच्यावर आयुष्यभर हेडफोन होता. एक्स्चेंजमध्ये ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही असा नियम होता आणि काकूंनी तो पेन्शनीतही पाळला. गप्पा असतील तर उजव्या बाजूला बसायचं. कोणाला कळू नये असं काही असेल तर डाव्या बाजूला. मजल्यावरच्या बायका आपापली दुःखं घेऊन यायच्या आणि आधी खुर्ची उचलून डावीकडे ठेवायच्या. मी पहिल्या वर्षी अकाउंट्समध्ये नापास झाले ते सगळ्यांत आधी त्या डाव्या कानाला सांगितलं होतं. आईला ते कळलं, पण काकूंकडून नाही.

त्यांच्या भाषाही दोन होत्या. एक ऑफिसची, स्वच्छ, प्रत्येक शब्द वेगळा ठेवलेली. दुसरी मालवणी, तिच्यात मी 'चेडवा' म्हणजे पोर व्हायचे. ती कधी येईल ते सांगता यायचं नाही. पुढे माझ्या लक्षात आलं की 'ती'चा विषय निघाला की मालवणी येते.

'ती' कोण हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. जिलेबी आणली की काकू म्हणायच्या, मला नको, तिला आवडायची. वरच्या मजल्यावरचा माणूस कचरा खाली टाकायचा, त्याच्याशी कोणी भांडायचं हे ठरेना, तेव्हा म्हणाल्या, ती असती तर वर जाऊन त्याच्याच दारात ओतला असता. मी भित्री आहे गं. मला वाटलं बहीण असेल, वारलेली. एकदा मी आईला म्हटलं की काकूंच्या बहिणीबद्दल वाईट वाटतं. आई म्हणाली, "कसली बहीण? एकटीच होती ती आईबापांना."

मग मी घाबरत घाबरत काकूंनाच विचारलं. त्या हसल्या. ताटात तांदूळ पसरतात, म्हणाल्या, आणि नवरा अंगठीने त्याच्यावर बायकोचं नवं नाव लिहितो, बघितलंस ना लग्नात? काकूंच्या लग्नात काकांनी आपल्या नावाला जुळणारं, त्याच अक्षरावरचं नाव लिहिलं. वडिलांच्या नावाच्या जागी काकांचं नाव आलं, आडनाव बदललं. ऑफिसच्या हजेरीपटावरही बदललं. "तीन शब्दांचं नाव, त्यातला एक पण माझ्याबरोबर सासरी आला नाही," त्या म्हणाल्या. "मग मी म्हटलं, ती राहिली तिकडेच. तांदळावर लिहिली ती ही." आणि जरा थांबून मालवणीत म्हणाल्या, "त्या तांदळाचो नंतर भात केल्यानी. खाल्लो सगळ्यांनी."

काका वाईट नव्हते असं त्या नेहमी सांगायच्या. न विचारता सांगायच्या.

'ती'चं एकच काहीतरी जगात शिल्लक होतं. बँकेतलं खातं. लग्नाआधी नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून उघडलेलं. त्यांचे वडील परळला गिरणीत होते. गिरणीतली नोकरी सुटल्यावर त्यांना जे मिळालं त्यातले थोडे त्यांनी लेकीच्या त्याच खात्यात टाकले. काकूंनी त्यांतला रुपया काढला नाही. ठेव संपली की पुन्हा ठेवायची, व्याज पुन्हा त्याच्यातच. खात्यावर वडिलांचं नाव मधे असलेलं माहेरचं नाव होतं आणि काकू त्या पैशांना कधी माझे म्हणाल्या नाहीत. तिचे पैसे. मी फक्त सांभाळते.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला टॅक्सेशन होतं. त्या दिवशी सरांनी टीडीएस शिकवला होता, म्हणजे बँक व्याज देतानाच त्यातून कर कापून सरकारकडे भरते तो, आणि मी तो धडा काकूंच्या टेबलावर मोठ्याने पाठ करत होते. कापलेला कर ज्याचा आहे त्याने विवरणपत्रात दाखवायचा, आणि उत्पन्नावर तेवढा कर बसत नसेल तर सरकार तो परत देतं.

काकू आतून आल्या. "परत देतं?"

"हो."

"मागितला तर?"

"मागितला तरच."

त्यांनी 'ती'चं पासबुक आणून माझ्यापुढे ठेवलं. दर वर्षी कर कापलेला होता आणि नेहमीच्या दुप्पट दराने. पॅन दिलेला नसला की बँक तसंच करते. मी विचारलं, काकू, तुमचं पॅनकार्ड तर आहे, पेन्शनीसाठी दर वर्षी विवरणपत्रही भरता. मग बँकेला नंबर का नाही दिला? मला खरंच वाटलं होतं की त्या विसरल्या असतील.

"तो माझा नंबर आहे," काकू म्हणाल्या. "तिचं कुठे पॅनकार्ड आहे?"

मी पासबुक पुन्हा उघडून खात्यावरचं नाव वाचलं. त्यांनाही कळलं की मला कळलेलं नाही. पण गंमत म्हणून त्या बोलत नव्हत्या. पॅनकार्डावर तांदळावरचं नाव होतं. बँकेने कधीतरी पत्र पाठवलं असेल, पॅन द्या म्हणून. काकूंनी मनाशी म्हटलं असेल की जिचं खातं तिला पॅन नाही, आणि पत्र ठेवून दिलं असेल. कापलेले पैसे म्हणजे त्यांना दंडच वाटला, माणूस हजर नसल्याचा.

"तिचे पैसे इतकी वर्षं कापत होते आणि मी बघत बसले," त्या म्हणाल्या. "ते परत आणायचे. तिच्या नावावर."

त्यानंतर त्यांनी जी चिकाटी दाखवली ती मी आधी कोणात बघितली नव्हती. माझे बाबा म्हणाले, सरकारकडून पैसे परत? सोड गं, काकूंना सांग उगाच नोटीस येईल. दर वर्षी त्यांचं विवरणपत्र भरून देणारा एजंटही तेच म्हणाला. हे व्याज तुम्ही आजवर दाखवलेलंच नाही, आता दाखवायला गेलात तर विचारतील की इतके दिवस कुठे होतात. काकू त्याला म्हणाल्या की विचारलं तर सांगू. मला त्यांनी डाव्या बाजूला बसवून विचारलं, तुला भीती वाटते का? मी हो म्हटलं. "मला पण," त्या म्हणाल्या. "उद्या सरांना विचारून ये काय काय करायचं ते."

सरांनी वाट सांगितली. आधी बँकेने आपल्या नोंदी दुरुस्त करून त्यात काकूंचा पॅन घालायचा, म्हणजे कापलेला कर त्यांच्या नावावर दिसेल. मग विवरणपत्रं. चालू वर्षाचं मुदतीत सुधारून भरता येईल. आधीच्या वर्षांची मुदत टळलेली, तिथे आयकर खात्याकडे अर्ज करायचा की उशीर माफ करा, आणि कारण सांगायचं. त्यातही फार मागे जाता येत नाही, पाच वर्षांपलीकडचं गेलं. सगळं व्याज धरूनही काकूंना कर बसत नव्हता, त्यामुळे हक्क पक्का आहे, असं सर म्हणाले. अडचण एकच, ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करावं लागेल.

मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "एकाच बाईची," त्या म्हणाल्या. आणि चहा टाकायला गेल्या.

बँकेतल्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी सोपा उपाय सुचवला. हे जुनं खातं बंद करा, पैसे पेन्शनच्या खात्यात घ्या, तिथे पॅन आहेच, पुढे कटकट नाही. काकूंनी त्यांना ऑफिसच्या भाषेत सांगितलं की खातं बंद होणार नाही, खात्याचं नाव बदलणार नाही, फक्त नंबर जोडायचा आहे. मॅडम म्हणाल्या, मग प्रतिज्ञापत्र आणा.

कोर्टाबाहेर छत्रीखाली लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन एक गृहस्थ बसायचे, नोटरीसाठी मजकूर टाइप करून द्यायचे. त्यांनी विचारलंही नाही, भराभर टाइप केलं आणि कागद हातात दिला. मी, सासरचं नाव, उर्फ माहेरचं नाव, असं लिहून देते की. काकूंनी कागद वाचला आणि परत दिला.

"उलटं करा."

"आजी, फॉरमॅट असाच असतो. आत्ताचं नाव आधी, मग उर्फ, मग जुनं."

"फॉरमॅट कोणी टाइप केलाय?"

"मीच."

"मग तुम्हालाच बदलता येईल."

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मागे रांगेत एक जण गाडीच्या कागदांसाठी उभा होता, तो म्हणाला, अहो आजी, काय फरक पडतो, दोन्ही तुम्हीच ना. काकू त्याच्याकडे वळल्या आणि शांतपणे समजावून सांगायला लागल्या. ही मुलगी मला रोज पेपर वाचून दाखवते. अमका उर्फ छोटा तमका पकडला, असं असतं त्यात. उर्फच्या अलीकडे असतं ते आईबापाने ठेवलेलं, खरं माणूस. पलीकडे असतं ते धंद्यासाठी घेतलेलं. "मला सांगा, माझ्या वडिलांनी ठेवलेलं नाव मी पलीकडे टाकू?"

तो माणूस म्हणाला, "बदलून द्या हो त्यांना. माझं नंतर करा."

गृहस्थांनी बदलून दिलं, पैसे मात्र दोन वेळच्या टायपिंगचे घेतले. काकूंनी तेही दिले. म्हणाल्या, पहिलं पान पण त्यांनी टाइप केलंच होतं.

बँकेत पुन्हा तोच वाद झाला. पॅनवरचं नाव आधी पाहिजे, असं संगणक म्हणतो असं मॅडमनी सांगितलं. आम्ही जायचो, काकू बाकावर बसायच्या, मॅडमना वेळ मिळाला की त्या पुन्हा वरच्या ऑफिसला फोन करायच्या. काकूंची चिडचिड नव्हती. वाट बघणं हे त्यांचं कामच होतं आयुष्यभर. आयकराच्या मदतक्रमांकावर फोन लावला की त्या लाइन लागेपर्यंत मोकळा कान लावून बसायच्या, आणि पलीकडे मुलगी आली की आधी विचारायच्या, जेवलीस का गं, आज गर्दी दिसते. त्या मुली मग फार मायेने बोलायच्या, तेवढीच माहिती द्यायच्या जेवढी इतरांना देतात, पण मायेने.

शेवटी बँकेच्या वरच्या ऑफिसने मान्य केलं. खात्याचं नाव होतं तेच राहिलं, पुढे उर्फ आणि त्याच्या पलीकडे सासरचं नाव. पॅन जोडला गेला. काही आठवड्यांनी आयकराच्या साइटवर काकूंच्या पॅनखाली त्या सगळ्या वर्षांचा कापलेला कर दिसायला लागला. मी मोबाइलवर दाखवला. काकूंनी चष्मा लावून एकेका वर्षावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही बघ. होती. हजर होती."

चालू वर्षाचं विवरणपत्र मी सरांना दाखवून सुधारून भरलं. मागच्या वर्षांसाठी उशीरमाफीचा अर्ज करायचा होता. सरांनी एक नमुना दिला होता, त्यात कारण म्हणून 'अज्ञानामुळे' असा शब्द होता. मी तोच लिहिला. काकूंनी तो खोडायला लावला.

"मी अज्ञानी नव्हते. एक्स्चेंजमध्ये अख्ख्या देशाचे कोड मला पाठ होते."

मी म्हटलं, काकू, सगळे असंच लिहितात, त्याने काम होतं. त्या म्हणाल्या की काम व्हायला पाहिजे, पण खोटं लिहून नको. मग काय लिहू, मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. 'लग्नात नाव बदलल्यामुळे.' सरांनी वाचलं, डोकं खाजवलं, म्हणाले, हे कारण आहे का? मग म्हणाले, आहे म्हणा.

सुनावणीचं बोलावणं आलं. साहेब तरुण होते, मराठी, टेबलावर फायलींचा ढीग. मला आत येऊ देतील की नाही अशी धास्ती होती, पण त्यांनी दोन खुर्च्या दाखवल्या. काकूंनी आपली खुर्ची जरा सरकवली, डावा कान साहेबांकडे येईल अशी. साहेबांनी अर्ज वाचला, बँकेचा कागद बघितला. पेन्शन वगैरे विचारलं. काकू एक्स्चेंजच्या आवाजात उत्तरं देत होत्या, नेमकी, एकेक.

मग ते म्हणाले, "नाव बदललं ते ठीक आहे. पण पॅन तर तुमच्याकडे होता. बँकेला द्यायला काय हरकत होती?"

काकूंनी पिशवी जवळ ओढली. आणि मग तो आवाज गेला, दुसरा आला.

"साहेब, पॅन माझो होतो. पैशे तिचे होते. दुसऱ्याच्या पैशाक मी माझो नंबर कसो लावू?"

जे करू नये ते झालं होतं. इतकं हिंडून जे सिद्ध केलं होतं ते एका वाक्यात गेलं, असं मला वाटलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"दुसऱ्याचे पैसे आहेत? मग आजी, परतावा मी तुम्हाला कसा देणार? ज्याचे आहेत त्यानेच मागायला पाहिजेत."

मी काहीतरी बोलायला गेले. काकूंनी माझा हात दाबला, म्हणजे गप्प बस. त्यांनी पिशवीतून प्रतिज्ञापत्र काढलं आणि वाचायला लागल्या. मोठ्याने. स्वतःचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. तिथे थांबल्या. उर्फपर्यंत आल्या आणि पुढचं वाचलंच नाही. कागद मांडीवर ठेवला.

"ती मीच," त्या म्हणाल्या. "लग्नाआधीची."

साहेबांनी विचारलं, नाव बदलायचं नव्हतं तुम्हाला?

"माका कोणी इचारूक नाय."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, मला हे रकान्यात बसवायला पाहिजे, नावांतल्या भिन्नतेमुळे असं लिहितो, चालेल? मी काकूंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

बाहेर आल्यावर मला वाटलं त्या खूश असतील. काम होणार हे दिसतच होतं. पण त्या स्टेशनपर्यंत माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिल्या. घरी आल्यावर दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, उद्या अभ्यासाला नको येऊस. दुसऱ्या दिवशी मी नाहीच गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच भिंत ठोकली. मी गेले तर टेबल पुसून ठेवलेलं होतं. मी उजवीकडे बसत होते, त्यांनी डावीकडे बोट दाखवलं. त्या बाजूला बसून आम्हीच त्यांना सांगायचो. त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं.

"इतकी वर्षं मी तिला वेगळी ठेवली म्हणून ती राहिली. परवा साहेबांसमोर म्हटलं ती मीच, आणि रात्रभर वाटत होतं, आता ती गेली."

मी नुसतं म्हटलं, काकू, जिलेबी आणू का? त्या म्हणाल्या, आण. आणली. त्यांनी बशीत घेतली आणि खाल्ली. मी त्यांना जिलेबी खाताना त्याआधी बघितलं नव्हतं.

आदेश आला. नावांतल्या भिन्नतेमुळे झालेला उशीर माफ. "भिन्नता," काकू म्हणाल्या. "बरो शब्द काढल्यानी साहेबांनी." मुदतीत बसणारी वर्षं मान्य झाली, जुनी गेली. मी एकेका वर्षाचं विवरणपत्र भरलं. एकदा एका वर्षाचं व्याज चुकीच्या रकान्यात टाकलं आणि पुन्हा सगळं केलं, काकूंनी तोवर मला दोनदा चहा दिला आणि एकदाही घाई केली नाही. काही दिवसांनी परताव्याचे पैसे आले.

ते आले पेन्शनच्या खात्यात. पॅनवर जे नाव, त्याच नावाच्या खात्यात सरकार पैसे टाकतं. मला हे आधीच माहीत होतं आणि काकूंना सांगायचा धीर झाला नव्हता. मी हळूच सांगितलं. मला वाटलं, आता पुन्हा सुरू. त्या म्हणाल्या, "मग चल, पोचवू तिकडे," आणि चप्पल घातली.

बँकेत त्यांनी पैसे वळते करायचा फॉर्म स्वतः भरला. या खात्यातून त्या खात्यात. काउंटरवर द्यायच्या आधी मी आकडा बघितला, तो परताव्यापेक्षा बराच जास्त होता.

"काकू, चुकलं बहुतेक. एवढे नाही आले."

"नाही चुकलं. जुन्या वर्षांचे सरकारने दिले नाहीत. बरोबर आहे त्यांचं, मुदत गेली. पण ती मी घालवली, पत्र आलं होतं मला. ते पेन्शनीतून द्यायचे."

मी म्हटलं, पण काकू, तुमच्याच पेन्शनीतून तुम्हालाच. त्या म्हणाल्या, मग काय झालं. हात एकच असले म्हणून घेतलेलं परत द्यायचं नसतं का?

काउंटरवरच्या माणसाने दोन्ही नावं वाचली, संगणकात बघितलं आणि हसला. "आजी, ही दोन्ही खाती तुमचीच दिसतात. इकडचे पैसे तिकडे कशाला?"

"तिकडे वडिलांचं नाव आहे," काकू म्हणाल्या.

त्याने शिक्का मारला आणि पोचपावती जाळीखालून सरकवली. काकूंनी ती चष्मा वर करून वाचली, आधी खात्याचं नाव आणि मग आकडा. मी शेजारी उभी होते, कोणत्या बाजूला ते आता आठवत नाही.

"गावले गो चेडवा," त्या म्हणाल्या. "माझे पैशे गावले माका."